रामटेके सरांचं ‘कशावरून’

कॅनडात मी पहिल्यांदा पेपर तपासले तेव्हा गठ्ठा नीट लावून घेतला. सगळ्यात जास्त मार्कांचा पेपर वर, सगळ्यात कमी मार्कांचा तळाला. मग गठ्ठा छातीशी धरून वर्गात गेले आणि सांगलीच्या कॉलेजात बावीस वर्षं जे करत आले तेच केलं. एकेकाचं नाव घ्यायचं, मार्क खणखणीत वाचायचे, पेपर हातात द्यायचा. वरच्या तिघांना शाबासकी, मधल्यांना नुसती मान, खालच्यांना एकेक टोला.

तळाचा पेपर डॉनाचा होता. डॉना चाळिशीची, दोन मुलांची आई, एका वृद्धाश्रमात मदतनीस. “डॉना, नाइन्टीन,” मी म्हणाले. तेवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं, पण बाईंना विनोद सुचला. “नेक्स्ट टाइम प्लीज ब्रिंग युअर हेड ऑल्सो.”

सांगलीत यावर हशा व्हायचा. ज्याला टोला बसला तोही हसायचा, निदान मला तसं दिसायचं. एडमंटनच्या त्या वर्गात हीटरची घरघर तेवढी ऐकू आली. डॉनाने पेपरची घडी घातली, पार्का, म्हणजे तो थंडीचा जाड कोट, चढवला, झिप हनुवटीपर्यंत ओढली आणि गेली. मी मनात म्हटलं, काय बाई शिस्त नाही या देशात.

एडमंटन सोडून आता मिल्टनला लेकीच्या बेसमेंटमध्ये बसून मी हे लिहितेय. नातीला सांगितलं तर तिने फोनमधून डोकं वर काढलं. “आज्जी, दॅट्स सो मीन,” म्हणाली. बरोबर आहे तिचं. पण मला त्या वेळच्या स्वतःचा राग येत नाही, हसू येतं. पन्नाशीला टेकलेली, सलवार-कमीजवर गुडघ्यापर्यंतचे स्नो बूट घातलेली, स्टॅटिस्टिक्सची एम.एस्सी. नवऱ्याच्या नोकरीमागे इथे आलेली, आणि चेहऱ्यावर असा भाव की या देशाला गणित शिकवायला कोणीतरी यायलाच हवं होतं, तर आले बाई मी.

दुसऱ्या दिवशी विभागप्रमुख ब्रायनने बोलावलं. इथे मार्क ही ज्याची त्याची खाजगी गोष्ट असते, आईबापांनासुद्धा सांगत नाहीत, हे त्याने मला फार सौम्यपणे समजावलं. मी त्याला तितक्याच सौम्यपणे समजावलं की आमच्याकडे निकाल भिंतीवर लावतात, पहिल्या येणाऱ्याचा फोटो पेपरात छापतात, आणि कोणी त्याने मेलेलं नाही. ब्रायनने कपाळ चोळलं. “हे मी ऐकलंय पूर्वी,” म्हणाला. मग म्हणाला, “आय नो जस्ट द पर्सन,” आणि मला खालच्या मजल्यावर रामटेके सरांकडे पाठवून दिलं.

माणूस उंच, काटकुळा. बाहेर उणे पंचवीस असो की उणे पस्तीस, आत अर्ध्या बाह्यांचा शर्ट. खिशाला एकच मार्कर, हिरवा. लाल मार्कर त्यांनी कधी घेतला नाही. लाल दिसला की पोरं वाचायचं सोडून मोजायला लागतात, किती ठिकाणी लाल आहे ते, असं त्यांचं म्हणणं. टेबलावर स्टीलचा फ्लास्क, त्यात गवती चहा घातलेला चहा. मूळ गाव उमरेडकडचं, शिक्षण नागपूरला, आणि एडमंटनमध्ये पंधरा हिवाळे काढूनही बोलणं जसंच्या तसं. मी दारात उभी राहिले तर म्हणाले, “या मॅडम, बसा. चहा घेता ना?”

मी माझी कैफियत तयार ठेवली होती. मार्क का वाचले, त्यामागे कोणतं तत्त्व आहे, वगैरे. त्यांनी विचारलंच नाही. चहा ओतला, चिवड्याचा डबा पुढे केला आणि डॉनाच्या एकोणीस मार्कांचा पेपर माझ्याकडे आहे का ते विचारलं. तो ती घेऊन गेली होती, पण तिची काही उत्तरं मला आठवत होती. मी ती हसत हसत सांगितली, मासला म्हणून. सर हसले नाहीत. पुढे वाकून ऐकत राहिले, आणि प्रत्येक उत्तराला एकच विचारत राहिले: असं लिहिताना तिच्या मनात काय असेल?

हे काय विचारणं, मला वाटलं. चूक ती चूक. तिच्या मनात काय असायचंय, काहीच नसेल.

इथलं कम्युनिटी कॉलेज म्हणजे काय ते सांगायला हवं. युनिव्हर्सिटीच्या भाग्यात नसलेली, किंवा संसार मध्ये आल्यामुळे राहून गेलेली माणसं इथे येतात. ट्रक चालवणारे, पोरं शाळेला गेल्यावर उरलेल्या वेळात शिकणाऱ्या आया, नुकते देशात आलेले. कोणाला नर्स व्हायचं असतं, कोणाला बालवाडीची शिक्षिका. आणि सगळ्यांच्या वाटेत एक तयारीचा बीजगणिताचा कोर्स आडवा पडलेला असायचा. तो पास झाल्याशिवाय पुढचं स्टॅटिस्टिक्स घेता यायचं नाही, स्टॅटिस्टिक्सशिवाय नर्सिंगला प्रवेश नाही, आणि तीनदा नापास झालं की दार बंद. डॉना आधी दोनदा नापास झाली होती. तिसरी खेप माझ्या वर्गात होती, आणि तिथून ती उठून गेली.

रामटेके सरांचं कित्येक दिवसांचं टुमणं होतं की हे दारच चुकीच्या भिंतीत बसवलंय. नर्सला सरासरी आणि शक्यता कळायला हवी. त्यासाठी अख्खं बीजगणित आधी पाठ कशाला? तिला सरळ स्टॅटिस्टिक्सला बसवा, आणि जिथे बीजगणित अडेल तिथे तेवढ्यापुरतं शेजारी बसून शिकवा. ब्रायनने अखेर जानेवारीसाठी एका वर्गाची परवानगी दिली. अट एकच: शेवटची परीक्षा नेहमीच्या वर्गाचीच, तोच पेपर. हा वर्ग त्यांच्या मागे पडला, तर हा विषय पुन्हा काढायचा नाही. शेजारी बसून शिकवायला दुसरा मास्तर लागणार होता, आणि स्टाफरूममध्ये त्यासाठी कोणी हात वर केला नाही. ते काम मला शिक्षा म्हणून दिलं.

डॉनाला सरांनी स्वतः फोन केला. ती परत कशी आली हे मला मोठं कोडं होतं, म्हणून मी विचारलं, काय समजूत घातलीत? समजूत काही नाही, म्हणाले. मी तिला एवढंच विचारलं की ते एकोणीस मार्क तुला कशाकशाचे मिळाले. तासभर सांगत होती. आजपर्यंत सगळ्यांनी तिला उरलेल्या एक्क्याऐंशीबद्दलच विचारलं होतं.

पहिल्या दिवशी ती वर्गात आली आणि मला बघून दारातच थांबली. मी जाऊन सॉरी म्हणाले. “ओके,” ती म्हणाली. माफ केलं असा तो ओके नव्हता, ऐकू आलं एवढाच होता. नर्सिंगची तिची जागा एप्रिलअखेरपर्यंत राखून ठेवली होती. त्यानंतर ती दुसऱ्या कोणाला जाणार होती.

सरांची एक सवय मला फार चमत्कारिक वाटली. स्वतःच्याच वर्गात शिरताना दारावर टकटक करायचे. आणि जाताना फळा पुसायचे नाहीत. पुढच्या तासाचे मास्तर वैतागायचे, कारण फळ्यावर सगळी चुकीची उत्तरं हिरव्या चौकटीत मांडून ठेवलेली असायची, भिंतीवर पाहुण्यांचे फोटो लावावेत तशी. बरोबर उत्तराला चौकट नाही. बरोबर उत्तर काय, सगळ्यांचं सारखंच असतं, म्हणायचे. बघण्यासारखं त्यात काय आहे?

तिसऱ्या-चौथ्या दिवशी एका ट्रकवाल्या तरुणाने एक छेद दोन अधिक एक छेद तीन याचं उत्तर दोन छेद पाच असं सांगितलं. वरचे वर मिळवले, खालचे खाली मिळवले, मोकळा झाला. सांगलीत पाचवीतल्या पोरालाही मी यासाठी बाकावर उभं केलं असतं. सरांनी ते फळ्यावर लिहिलं, चौकट काढली आणि मागे सरून बघत राहिले. मग त्या तरुणाला विचारलं, हॉकी बघतोस का? एडमंटनमध्ये हे विचारणं म्हणजे श्वास घेतोस का विचारणं. तर, पहिल्या पिरियडमध्ये दोन शॉट मारले, एक गोल झाला. दुसऱ्यात तीन शॉट, एक गोल. एकूण? “फाइव्ह शॉट्स, टू गोल्स,” तो म्हणाला, आणि मग स्वतःच चौकटीकडे बघू लागला.

“उत्तर बरोबर आहे,” सर म्हणाले, अर्थात इंग्रजीत. “फक्त ते दुसऱ्या कुठल्या तरी प्रश्नाचं आहे. आता आपल्या प्रश्नाचं शोधू.”

मी मागच्या खुर्चीत बसले होते. एवढी वर्षं मी ते उत्तर लाल रेघ मारून मारलं होतं, हजारदा तरी. ते कुठेतरी खरं असतं हे मला कोणी सांगितलं नव्हतं, आणि मी कोणाला विचारलं नव्हतं.

पण मला गप्प बसायला जमायचं नाही. पोरं अडली की माझ्या जिभेवर उत्तर आलंच. आठवडाभर सरांनी बघितलं, मग एक दिवस तास संपल्यावर थांबवलं. “मॅडम, तुम्ही बोलून राहिल्या, पोट्टे ऐकून राहिले. मग शिकून कोण राहिलं?” असं म्हणून त्यांनी खिशातून एक छोटी पत्र्याची डबी काढली. आत आवळासुपारी, नागपूरहून आलेली. उत्तर जिभेवर आलं की एक तुकडा तोंडात टाकायचा, आणि तो विरघळेपर्यंत बोलायचं नाही. मला राग आला, पण डबी घेतली. पहिल्या दिवशी निम्मी संपवली. वर्गात हा प्रकार लगेच सगळ्यांना कळला. मी डबीला हात घातला की त्यांना समजायचं, बाईंना उत्तर येतंय आणि बाई सांगणार नाहीत, म्हणजे ते जवळच कुठेतरी आहे. एकदा डॉनानेच, माझ्याकडे न बघता, डबी माझ्या पुढ्यात सरकवली. आमचं बोलणं सुरू झालं ते असं.

सरांचा दुसरा मंत्र म्हणजे ‘कशावरून’. मराठीतच म्हणायचे. कोणी काही ठामपणे सांगितलं की भुवया वर, मान तिरकी, “कशावरून?” अर्थ एकदा सांगितला होता, नंतर सांगावा लागला नाही. महिनाभरात ट्रकवाला तरुण, सोमालियाहून आलेली एक आई, सगळे एकमेकांना ‘काशावरून’ विचारायला लागले. ब्रायनसुद्धा मीटिंगमध्ये म्हणायचा.

मार्चमध्ये डॉनाने एक दिवस सांगून टाकलं की त्यांच्या वृद्धाश्रमात बिंगोच्या, म्हणजे आपल्या हाउजीच्या, दिवशी म्हातारी माणसं जास्त पडतात. उठायची घाई होते, हॉल दूर आहे, तिने डोळ्यांनी पाहिलंय. सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, “काशावरून?” तिला चीड आली. पुढच्या आठवड्यात ती आकडे घेऊनच आली. कोणत्या दिवशी किती जण पडले याचा तक्ता त्यांच्या स्टाफरूममध्ये लावलेला असतो, नावं नसतात, नुसते आकडे. तिने ते हिरव्या ठिपक्यांनी फळ्यावर मांडले. बिंगो मंगळवारी आणि शुक्रवारी. ठिपके मात्र सोमवार ते रविवार सारखेच पसरलेले. मंगळवारी उंचवटा नाही, शुक्रवारी नाही.

डॉना फळ्यापुढे उभी राहिली. पण मी बघते ना त्यांना पडताना, म्हणाली. सर ठिपके बघत होते. माझ्या तोंडात सुपारीचे दोन तुकडे. मला उत्तर केव्हाच दिसलं होतं आणि मी त्याच्यावर दात रोवून बसले होते.  मग डॉनाने हळूच मार्कर खाली ठेवला.

“मी कामावर मंगळवारी आणि शुक्रवारीच असते,” ती म्हणाली.

आधी ती हसली, मग सगळे. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. मी हा धडा, निवडीतली खोट, बावीस वर्षं शिकवला होता. व्याख्या लिहून घ्या, खाली रेघ मारा. त्यावर कोणी कधी हसलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर कोणी कधी चिडलंही नव्हतं. सरांनी त्या दिवशी नावसुद्धा सांगितलं नाही. नाव दोन दिवसांनी सांगितलं, ओळख झाल्यावर सांगतात तसं.

परीक्षेच्या आदल्या आठवड्यात चौदा एप्रिलचा कार्यक्रम होता. सरांनी मला आणि माझ्या नवऱ्याला बोलावलं. सांगलीत आमच्या घरापासून चार गल्ल्यांवर बुद्धविहार होता, चौदा एप्रिलला तिथली गाणी आमच्या गच्चीवर ऐकू यायची, आणि मी कधी तिकडे फिरकले नव्हते. त्यासाठी मला एडमंटनला यावं लागलं, तेही बर्फातून, विंटर टायर लावून. कम्युनिटी हॉलमध्ये भाषणं झाली, त्यात एक सरांचं, मुलांनी इंग्रजीतून नाटुकलं केलं, आणि मग जेवणाची रांग लागली. रांग काही पुढे सरकेना. सर हातात रिकामी प्लेट घेऊन टेबलाच्या कडेला उभे राहिले आणि बघत बसले. लोक म्हणत होते पुऱ्या कमी पडतात, वाढणारे हळू आहेत. सर आपले कशावरून, कशावरून करत इकडून तिकडे फिरत होते. शेवटी सापडलं. रांग लोणच्यापाशी अडत होती. बरणीला चमचा एकच, तोही चहाचा, आणि फोड त्यातून निसटायची. सरांनी लोणचं दोन ताटल्यांत पसरून दोन्ही बाजूंना ठेवलं आणि रांग सुटली. मग त्यांना जो आनंद झाला तो भाषणाच्या टाळ्यांनीसुद्धा झाला नव्हता.

मी त्यांच्या बायकोला, म्हणजे वहिनींना, म्हटलं, पुढच्या आठवड्यात यांच्या वर्गाची परीक्षा आहे, सगळं पणाला लागलंय, आणि हे लोणचं बघतायत. वहिनी म्हणाल्या, “घरी पण असंच आहे. भाजी खारट झाली की विचारतात, कोणता विचार करून मीठ टाकलं. मी सांगते, तुमचाच.”

त्या हसल्या, पण मला तिथेच एक गोष्ट खटकली. सर सगळ्यांना विचारतात. पोरांना, ब्रायनला, बायकोला मिठाबद्दलसुद्धा. मला एकदाही विचारलं नाही की मॅडम, त्या दिवशी मार्क वाचताना तुमच्या मनात काय होतं. माझी चूक त्यांना बघण्यासारखी वाटली नसेल का? की इतकी मोठी वाटली की चौकटीत मावेना? हे कोडं मी पुढे बरीच वर्षं घेऊन हिंडले.

परीक्षेच्या दिवशी देखरेखीला मी आणि ब्रायन. दोन्ही वर्ग एकाच मोठ्या खोलीत. पहिलाच प्रश्न नेहमीच्या वर्गाच्या मास्तरांनी काढलेला, सूत्र उलटं फिरवायचा, नुसतं बीजगणित.  डॉनाने प्रश्न वाचला, पेन ठेवलं आणि दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवून बसली. हे असं बसणं मी ओळखत होते. यानंतर ती पार्का घालते.

तिच्याजवळून एकदा गेले, दोनदा गेले. तिने खुर्चीवरच्या पार्काला हात घातला. मला दुसरं काही सुचेना. सांगता तर काहीच येत नव्हतं. मी खिशातून डबी काढली, तिच्या टेबलावर ठेवली आणि पुढे चालू लागले. मागून टिक असा डबी उघडल्याचा आवाज आला. वळून बघितलं तर डॉना एक तुकडा तोंडात टाकून, पहिला प्रश्न तसाच सोडून, पान उलटत होती. ब्रायन मात्र धावत आला. डबी उचलली, उघडली, तळाला काही चिकटवलंय का पाहिलं, वास घेतला, आणि मग, का कोणास ठाऊक, एक तुकडा स्वतःच्या तोंडात टाकला. उरलेला सगळा वेळ तो तोंड वाकडं करून फिरत होता.

निकाल लागला. आमचा वर्ग नेहमीच्या वर्गाच्या मागे नव्हता, उलट थोडा पुढेच होता. ब्रायनने आम्हा दोघांना बोलावून सरांशी हात मिळवला. तुझी पद्धत यशस्वी झाली, म्हणाला.

“कशावरून?” सर म्हणाले.

मी टेबलाखालून त्यांना बुटाने ढोसलं. पण ते थांबतायत कुठले. म्हणाले, एक वर्ग, एकच खेप, त्यात दोन मास्तर, आणि बरीचशी पोरं मीच फोन करून गोळा केलेली. यावरून पद्धत चांगली असं म्हणता येत नाही. मास्तर जास्त होते म्हणून झालं असेल. फोन केला म्हणून झालं असेल. मॅडमच्या सुपारीनं झालं असेल. मला वाटलं, गेलं, या माणसाने स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतला. ब्रायन खुर्चीत मागे रेलून त्यांच्याकडे बघत राहिला. मग त्याने विचारलं, खरं काय ते कळायला काय करावं लागेल? सर म्हणाले, आणखी वर्ग, वेगळे मास्तर, आणि पोरं मी निवडायची नाहीत. पुढच्या वर्षी त्यांना तसे वर्ग मिळाले, त्याच्या पुढच्या वर्षी आणखी. ते बीजगणिताचं दार नर्सिंगच्या वाटेतून अखेर निघालं, पण त्याला वेळ लागला, आणि त्या सगळ्या वेळात सर स्वतःच्याच पद्धतीत खोट शोधत होते.

पेपर मी बंद पाकिटांत घालून वाटले. एव्हाना तेवढं शिकले होते. डॉनाने आपलं पाकीट कॉरिडॉरमध्ये उघडलं, आत बघितलं आणि माझ्याकडे चालत आली. पेपर माझ्या हातात दिला.

“रीड इट,” म्हणाली. “लाउड. लाइक दॅट डे.”

मी इकडेतिकडे बघितलं. ब्रायनच्या खोलीचं दार उघडंच होतं. मी घसा साफ केला. “डॉना,” मी म्हणाले, “सिक्स्टी-फोर.” पुरेसं मोठं नव्हतं म्हणे. पुन्हा वाचायला लावलं. दुसऱ्यांदा मी सांगलीचा आवाज लावला, वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत जायचा तो. कॉरिडॉरमधली माणसं थांबली. ट्रकवाल्याने शिट्टी मारली. ब्रायनने दारातून डोकं काढलं, आम्हाला बघितलं आणि दार लावून घेतलं. डॉनाला शेवटी टोलाही हवा होता. मी म्हटलं, या खेपेला डोकं आणलं होतंस. पेपर घेऊन ती गेली. पार्का हातात होता, अंगात नव्हता. एप्रिलअखेर तशीही जरा ऊब येते.

सर आणि मी पुढे बरीच वर्षं शेजारी शेजारी शिकवलं. गेल्या वर्षी वहिनी आणि ते ओटावाला मुलाकडे राहायला गेले. आता फोनवर बोलतो, भेट काही झालेली नाही. त्यामुळे सर म्हटलं की मला ते निघायच्या दिवसाचेच दिसतात.

त्यांना विमानतळावर सोडायला मी गाडी घेऊन गेले होते. आदल्या दिवशी बर्फ पडलेला. घर विकून झालेलं, सामान गेलेलं, किल्ली तासाभरात नवीन मालकाला द्यायची, आणि सर फावडं घेऊन ड्राइव्हवे शोव्हल करत होते. वहिनी माझ्या गाडीत येऊन बसल्या, म्हणाल्या, बघा आता. मी काच खाली करून ओरडले, सर, घर तुमचं नाही आता, त्यांचं ते बघतील. तर म्हणाले, घर त्यांचं आहे मॅडम, स्नो तर माझ्या काळातला आहे.

मी गाडीतून उतरले. आता नाही विचारलं तर राहूनच जाईल असं वाटलं. म्हटलं, सर, इतकी वर्षं जगातल्या प्रत्येक चुकीला तुम्ही विचारलंत, काय विचार करून केलीस म्हणून. मला का नाही विचारलंत? ते मार्क मी मोठ्याने वाचले तेव्हाचं?

सरांनी फावडं बर्फात उभं रोवलं आणि त्याच्या दांड्यावर दोन्ही हात ठेवून उभे राहिले. त्यांच्या चष्म्यावर वाफ धरली होती. ती पुसायच्या नादात ते हसत होते, एकटेच, बराच वेळ. मग म्हणाले:

“काहून विचारू मॅडम? मला ठाऊक होतं ना. ब्रायननं तुम्हाला माझ्याच कडे काहून पाठवलं, तुम्हाला काय वाटलं? पहिल्या वर्षी मी पण वाचले होते मार्क. आन् मी तर पोट्ट्यांना एकेकाला उभं करून वाचले होते.”